वेसेलाच्या गोष्टींचे शेवट

वेसेला, तुला माती देऊन सगळे परत आले तेव्हा मी तुझ्याच स्वयंपाकघरात होते. दफनाला बायका जात नाहीत. इथे नाहीत, आमच्या दाभोळच्या खाडीकाठीही नाहीत. त्यामुळे मला घरी थांबण्यात काही वेगळं वाटलं नाही. तू असतीस तर चिडली असतीस. "माझ्या शेवटच्या कार्यक्रमाला फक्त पुरुष?" असं म्हणून सिगारेट शोधायला लागली असतीस.

पण गुस्ल द्यायला मी होते, हे तुला सांगायचं आहे. मय्यतीला आंघोळ घालणाऱ्या दोन बायका होत्या तिथे. त्यातल्या सुदानी बाईने मला विचारलं, "तू हिची कोण?" मी म्हणाले, "समोरच्या दारातली." तिने माझ्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, "मग ये, तूच पाणी घाल." मी घातलं. मिरच्या भाजताना तुझ्या मनगटावर पडलेला तो डाग तसाच होता. तू एवढी हलकी झाली होतीस, की तुला कुशीवर वळवायला माझा एक हात पुरला. मला वाटलं होतं मी रडेन. मी रडले नाही. केसांतून पाणी नीट जातंय ना, कानामागे कोरडं राहिलं नाही ना, एवढंच बघत राहिले.

रियाधमधल्या अल मलाझच्या आपल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. माझी सना पहिलीत होती तेव्हा आम्ही तिथे राहायला आलो. खालच्या किराणा दुकानदाराने सांगितलं होतं, की समोर सिरियाचे डॉक्टर नबील राहतात, आणि त्यांची गोरी बायको कुणाशी बोलत नाही. तू पहिल्यांदा बोललीस ती जिन्यात. लिफ्ट बंद होती, माझ्या एका हातात भाजीच्या पिशव्या, काखेत गावाहून आलेला दिवाळी अंक. तू तो सरळ ओढून घेतलास.

"हे हिंदी आहे?"

"मराठी."

"या भाषेत किती माणसं बोलतात?"

मी अंदाजाने आकडा सांगितला आणि तू पायरीवर बसलीस. "माझ्या अख्ख्या बल्गेरियात एवढी माणसं नाहीत," म्हणालीस. "आणि त्यातली माझ्या कथा वाचणारी तुझ्या दिवाणखान्यात मावतील."

तू लेखिका आहेस हे मला असं कळलं. इमारतीत दुसऱ्या कुणाला ते कधी कळलं नाही. त्यांच्यासाठी तू कायम डॉक्टरांची बायको.

बाकीचं हळूहळू कळत गेलं. दान्यूब नदीकाठचं तुझं छोटं गाव. रेल्वेत सांधे बदलणारे वडील. विद्यापीठात शिकत असतानाच आलेला पहिला कथासंग्रह, जो तिकडच्या लोकांनी डोक्यावर घेतला. त्याच शहरात डॉक्टरकी शिकायला आलेले नबील. तुझी आई आधी लग्नाला येणार नाही म्हणाली आणि मग सगळ्यांच्या आधी येऊन बसली. दुसरा संग्रह तू इथे आल्यावर लिहिलास, पडदे ओढून, एसीच्या घरघरीत, आणि त्यात वाळूचा एक कण नव्हता. सगळी तिकडचीच गावं. तरुण माणसं स्पेनला, जर्मनीला निघून गेलेली, मागे म्हातारी आणि कुत्री. तुझ्या एका गोष्टीत गावातला कबर खणणाराच भाज्या तोडायच्या कामाला परदेशी जातो, आणि म्हाताऱ्या बायका आळीपाळीने कुदळ धरतात. त्या पुस्तकाकडे कुणी बघितलं नाही. एकाने लिहिलं, की लांब बसून गळा काढणं सोपं असतं. ते वाक्य तू मला वर्षानुवर्षं ऐकवलंस, आणि दर वेळी त्या माणसाच्या आवाजात.

तिसऱ्या संग्रहाला मोठं बक्षीस मिळालं. तुझं तिकीट काढून झालं होतं, निळा ड्रेस इस्त्री करून दाराला टांगला होता. तेव्हाच नबीलचा कफील, म्हणजे ज्याच्या हमीवर इथे राहता येतं तो मालक, बदलत होता, कागद अडकले, आणि तुझा बाहेर जाऊन परत यायचा परवाना वेळेत निघाला नाही. बक्षीस घ्यायला तुझी आई गेली. तू तो समारंभ फोनवर पाहिलास, माझ्या बाजूला बसून. आई व्यासपीठावर हातातली पर्स सोडायला तयार नव्हती. तू हसलीस, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडलास.

शुक्रवारी पुरुषमंडळी जुम्म्याला गेली की तू कॉफीचं भांडं घेऊन माझ्याकडे यायचीस आणि गोष्ट सांगायचीस. अर्धी अरबीत, अर्धी इंग्रजीत, अडलीस की हाताने. मी तुझं एकही पुस्तक वाचलेलं नाही, आणि तुझ्या बहुतेक सगळ्या गोष्टी मला माहीत आहेत. सांगताना तुझा आवाज खाली खाली जायचा. शेवटाच्या अगदी आधी तू थांबायचीस आणि कपात चमचा फिरवायचीस, साखर नसली तरी. मग दोन वाक्यांत ते माणूस मरायचं. प्रत्येक गोष्टीत कुणीतरी मरायचंच. मी म्हणायचे, "अगं, एखाद्याला तरी सोड." तू मान हलवायचीस. त्यातही घोळ होता, कारण तुमच्याकडे मान आडवी हलवली की हो आणि वर-खाली हलवली की नाही. आपली निम्मी भांडणं त्या मानेमुळे झाली.

तुझ्या लीनाला बल्गेरियन वाचता येत नाही. ती अरबी शाळेत गेली, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते. "तिने माझ्या पुस्तकाचं फक्त मुखपृष्ठ पाहिलंय," तू म्हणायचीस, "तेही माझा फोटो आहे म्हणून." मी काय बोलणार? मी इथल्या इंडियन स्कूलमध्ये हिंदी शिकवते, आणि माझी सना मी मराठीत हाक मारली की इंग्रजीत ओ देते. यावर आपण दोघी खूप हसलो आहोत. त्या हसण्यात मजा नव्हती, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं.

मग अन्वरचं झालं.

अन्वर माझा धाकटा भाऊ. लाँचची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा, गावीही तेच आणि इथे कतीफलाही तेच. तिथे लाँचवरचे सगळे मिळून एका खोलीत राहायचे, आठवड्याला मला फोन करायचा, "आपा, इथलं पापलेट तुझ्या रियाधच्या बर्फातल्यापेक्षा बरं, ये एकदा." मी गेले नाही, कारण जायला जमलं नाही, रियाधहून कतीफ म्हणजे वाळवंट ओलांडून पूर्वेचा किनारा. एका पहाटे समुद्रात लाँचचं इंजिन बंद पडलं, तो खाली उतरला, वर आला, आणि नंतर कुणाला दिसला नाही. काही दिवसांनी किनाऱ्याला लागला. ऐन उन्हाळा होता. मला फोन आला तोवर त्याला माती देऊन झाली होती. थांबता येत नव्हतं, असं सगळे म्हणाले. ते खरंच असणार.

मी आमच्या आईला फोनवर सांगितलं आणि त्यानंतर जवळजवळ बोलणंच बंद केलं. शाळेत जायचे, शिकवायचे, घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. तेव्हा बायकांना गाडी चालवायची परवानगी नुकतीच मिळाली होती. तू लायसन्स काढलंस आणि एका सकाळी माझ्या दारात किल्ली घेऊन उभी राहिलीस. "यल्ला," म्हणालीस. "समुद्र बघून येऊ."

किती वाईट गाडी चालवायचीस तू. ट्रक शेजारून गेला की डोळे मिटायचीस. मी वाटभर सगळ्या येत होत्या तेवढ्या दुआ पुटपुटत होते आणि तू मला अन्वरबद्दल विचारत होतीस. लहानपणी कसा होता, काय खायचा, रागावला की काय करायचा. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला तो मेला कसा हे न विचारता होता कसा हे विचारत होतं. मी बोलत सुटले. रागावला की चपला हातात घेऊन घराबाहेर पडायचा, म्हणजे पावलांचा आवाज होऊ नये, आणि भूक लागली की परत यायचा. तू ते दोनदा विचारून घेतलंस.

कतीफच्या धक्क्यावर अन्वरच्या खोलीतला सुलेमान भेटला, आमच्याच बाजूचा. लाँचा एकमेकींना लागून उभ्या होत्या, जाळी वाळत होती. त्याने हाताने लांब दाखवलं. "आपा, तिकडे. मी त्याला चहा घेऊन आलो तर तो नव्हता." एवढंच बोलला. मग आपण कब्रस्तानाच्या भिंतीपाशी गाडीत बसून राहिलो. तू काचेतून बघत होतीस, मी बघू शकले नाही.

परतीच्या वाटेवर मी तुझा हात धरला होता. त्या दिवसासाठी मी तुझी कायम ऋणी आहे. पुढे जे झालं त्याने हे ऋण कमी होत नाही, आणि या ऋणामुळे पुढचं माफही होत नाही.

हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी तू कॉफी घेऊन आलीस आणि म्हणालीस, नवी गोष्ट आहे. समुद्रकाठचं गाव. लाँचवर काम करणारा एक माणूस हरवतो. लोक एक प्रेत पुरतात. त्याची बहीण चेहरा न बघताच रडते. मला कळत होतं तू कुठे चालली आहेस. मी थांब म्हणाले नाही, कारण तुझ्या गोष्टी मला माहीत होत्या, शेवटी तो मरणार होता आणि मला ते ऐकायचं होतं. तुझ्या तोंडून, दोन वाक्यांत. तू चमचा फिरवलास. मग म्हणालीस, की दुपारी दारात आवाज होतो. तो उभा असतो, चपला हातात. म्हणतो, आपा, भूक लागली.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. ती ताट वाढते."

"तो मेला आहे, वेसेला."

"गोष्टीत नाही."

"गोष्टीतसुद्धा मेला आहे! त्याला मी आंघोळ घातलेली नाही, मूठभर माती टाकलेली नाही, आणि तू त्याला जेवायला बसवतेस?"

तू तेव्हा जे बोललीस ते मी विसरणार नाही. "तू चेहरा पाहिला नाहीस ना? मग तुला काय माहीत?"

मी तुला माझ्या घरातून जायला सांगितलं. तू कॉफीचं भांडं तिथेच ठेवून गेलीस.

मग पुढे कित्येक महिने आपण जिन्यात एकमेकींना सलाम करून खाली बघत राहिलो. त्या काळात मला रोज दुपारी दारात आवाज झाल्यासारखा वाटायचा. आधी वाटत नव्हता, वेसेला. तुझी गोष्ट ऐकल्यावर वाटायला लागला. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू खूश झाली असतीस, म्हणून.

ईदला तू आलीस. दारातच म्हणालीस, "मी गोष्ट बदललेली नाही. पण मला शेवया दे." काय करणार? दिल्या.

नंतर चौथ्या संग्रहाचं निघालं. तुझ्या संपादकाला सगळ्या कथा आवडल्या, एक सोडून. तो म्हणाला, ही काढा, नाहीतर शेवट बदला. तुमचे वाचक यावर विश्वास ठेवणार नाहीत. तू नाही म्हणालीस. फोनवर तू ओरडत होतीस ते मला माझ्या घरात ऐकू येत होतं.

मी तुझ्याकडे आले आणि म्हणाले, "काढून टाक. मला तर ती नकोच आहे. माझ्यासाठी पुस्तक कशाला अडवतेस?"

"तुझ्यासाठी नाही लिहिली."

"मग कुणासाठी?"

तू खिडकीतून खालच्या दुकानांकडे बघत होतीस. अजान झाली, शटर खाली यायला लागली. मग म्हणालीस, "मी आयुष्यभर माणसं मारली, शमीम. तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. एकाला परत आणला तर सगळे पुरावा मागतात. तूसुद्धा."

पुस्तक आलं नाही. दुसऱ्या दोन प्रकाशकांना पाठवलंस, त्यांनी उत्तर दिलं नाही. तिकडे तुझ्यानंतरची मुलं लिहायला लागली होती, त्यांना बक्षिसं मिळत होती, आणि तुझं नाव यादीत यायचं बंद झालं. तू ते मला हसत सांगायचीस. लिहिणं कधी थांबलं ते मला नेमकं कळलं नाही. एक दिवस पाहिलं तर तुझ्या लिहायच्या टेबलावर लीनाचे घड्या घातलेले कपडे होते, आणि ते पुढेही तिथेच राहिले. आणि मग पोटात दुखायला लागलं. तू ते मिरच्यांवर ढकललंस. तपासण्या झाल्या तेव्हा फार उशीर झाला होता.

हॉस्पिटलमधलं मला आठवायचं नाही, पण एक सांगते. शेवटच्या आठवड्यात तुझं इंग्रजी गेलं. मग अरबीही गेली. शब्द एकेक करून निघून गेले आणि फक्त तुझी गावची भाषा उरली. मानही गावची झाली. नर्स विचारायची, दुखतंय का? तू मान आडवी हलवायचीस. ती मुलगी बिचारी समजायची, नाही म्हणते आहे. मी एका दुपारी आले तेव्हा हे बघितलं आणि किंचाळलेच. "ती हो म्हणते आहे! तिला दुखतंय!" नर्स घाबरून डॉक्टरांना बोलवायला धावली. त्याआधी किती वेळा विचारलं असेल, आणि किती वेळा तू हो म्हणाली असशील, याचा मी हिशोब करायला बसत नाही.

नबीलना तुझी भाषा येते. पण ते त्या दुपारी तुझेच कागद घेऊन खाली गेले होते. खोलीत मी आणि लीना. इंजेक्शनने तुला जरा आराम पडला होता. तू डोळे उघडलेस आणि बोलायला लागलीस. बरळणं नव्हतं ते. सावकाश, स्पष्ट. लीना माझा हात धरून म्हणाली, "आंटी, ममा काय म्हणतेय?" मला एक शब्द कळत नव्हता. पण तुझा आवाज खाली खाली जात होता, आणि तो मला ओळखीचा होता. मी लीनाला म्हणाले, "गोष्ट सांगतेय."

तू खूप वेळ सांगितलीस. आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसून ऐकली. मध्ये तू एकदा हसलीससुद्धा. मग थांबलीस. तुझी बोटं चादरीवर गोल फिरली. मी वाट बघत होते. तू दोन वाक्यं बोललीस आणि डोळे मिटलेस. नबील आले तेव्हा तू झोपली होतीस, आणि परत बोलली नाहीस. तुझी शेवटची गोष्ट जगात दोघींनी ऐकली, वेसेला, आणि दोघींनाही ती कळली नाही. फोनवर रेकॉर्ड करावं हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

काल नबील कब्रस्तानात गेले होते आणि तिथून त्यांनी तुझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला. आईला आता प्रवास झेपत नाही. तिने विचारलं, नाव कुठे आहे? इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत. मला लहानपणापासून तसंच माहीत आहे, मला त्यात काही उणं वाटत नाही. तुझ्या आईला नबीलनी ते समजावून सांगितलं, ती नुसती त्या मातीकडे बघत राहिली.

घरी आल्यावर त्यांनी परत फोन लावला. आईला विचारायचं होतं, शेवटी जवळ कोण होतं. नबीलनी फोन माझ्यापुढे धरला. "उम्म सना," म्हणजे सनाची आई, म्हणाले, "तुम्ही बोला. मी सांगतो त्यांना."

पडद्यावर तुझेच डोळे होते, म्हातारे झालेले. मी म्हणाले, ती गोष्ट सांगत होती. आई ताठ बसली. तिने विचारलं, "कुठली?" मी म्हणाले, "नवी." तिने विचारलं, "कशी संपते?"

लीना माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "शेवटी सगळे घरी येतात."

नबीलनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मग ते तिच्या भाषेत सांगितलं. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि काहीतरी बोलली. मी विचारलं तेव्हा नबील म्हणाले, "त्या म्हणतात, ही माझ्या मुलीची गोष्ट नाही. तिने असा शेवट कधी केला नाही."

"केला आहे," मी म्हणाले. "सांगा त्यांना. एकदा केला आहे. ती गोष्ट छापून आली नाही."

आई फोनच्या जवळ आली. यावेळी नबीलना सांगावं लागलं नाही, मलाही कळलं. ती म्हणत होती, सांग.

मी सांगितली. धक्क्यावरच्या लाँचांपासून, वाळत घातलेल्या जाळ्यांपासून. माझ्या मोडक्या अरबीतून नबील ती तुझ्या भाषेत नेत होते, आणि लीना माझ्या पायाशी बसून तिच्या आईची एक पूर्ण गोष्ट पहिल्यांदा ऐकत होती. दारात अन्वर उभा राहिला, चपला हातात घेऊन, आणि म्हणाला, आपा, भूक लागली. आणि मी ताट वाढलं.

मी एक शब्द बदलला नाही, वेसेला. आणि तो शेवट मला आजही मान्य नाही.